बुणगे, जीप आणि वजनकाटा

नवी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. एखादी तरी गाडी अशी दिसेलच, जी नेरूळहून बेलापूरला ऑफिसला जाताना सुद्धा लडाखला निघाल्यासारखी नटलेली असते. टपावर लोखंडी कॅरियर, त्यावर दोन जेरीकॅन, एक फावडं, वर घडी घातलेला तंबू, पुढे भक्कम बंपर, त्यात विंच. फावड्याला मातीचा कण लागलेला नसतो, ही गोष्ट वेगळी :-)

छंदाला नावं ठेवायची नसतात. मी त्याच पंथातला. आमच्या चौघांचं मनालीमार्गे लेहला जायचं घाटत आहे, आणि इंजिनिअर मंडळींची कुठलीही तयारी एक्सेल शीटनेच सुरू होते (आणि पुष्कळदा तिथेच संपते) त्याप्रमाणे शीट तयार आहे. अशा शीट्स मी आजवर बऱ्याच पाहिल्या. पहिला कॉलम 'काय बसवायचं', दुसरा 'किंमत', तिसरा 'कुठे मिळतं'. 'वजन' नावाचा कॉलम मात्र क्वचितच सापडतो.

माझं म्हणणं असं, की लांबच्या प्रवासाची गाडी शहाणपणाने तयार करायची तर बेरजेपासून सुरुवात करायचीच नाही. गाडी किती वाहू शकते हा आकडा आधी वर लिहायचा आणि त्यातून वजा करत खाली यायचं. आता हे कुणाला शिकवणी वाटेल, म्हणून मी इतिहासाकडे वळतो. आपल्याकडे या विषयाचे टेस्ट रिपोर्ट तीनशे वर्षांपूर्वीपासून पडून आहेत, तेही मराठीत!

झाडा

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमारास, जिंजीला बसून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. लढाया सगळ्यांना पाठ असतात, पण त्यात लष्कराच्या कारभाराचा जो भाग आहे तो प्रोजेक्ट मॅनेजरने वाचावा असा आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत. तिथे दाणा, वैरण, औषधं, माणसांना घरं आणि घोड्यांना पागा आधीच तयार. दसरा झाला की कूच, आणि मग आठ महिने बाहेर मुलूखगिरी. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत. कुणी नेलीच तर शिक्षा देहान्ताची.

यातला मला सगळ्यात आवडणारा नियम हा: निघताना प्रत्येक माणसाजवळ काय काय आहे याची यादी व्हायची, लहानथोर सगळ्यांची. परत येताना सरहद्दीवर पुन्हा झाडा. यादीपेक्षा जास्त निघालं तर ते सरकारचं, नाहीतर पगारातून वळतं.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं, की हा नियम वजन कमी ठेवण्यासाठी केलेला नव्हता. तो लुटीचा हिशेब चोख राहावा म्हणून होता. पण परिणाम बघा. ज्या फौजेत प्रत्येक शिपायाच्या थैलीत काय आहे हे कागदावर आहे, तिथे 'असू दे, कधीतरी लागेल' हे वाक्य चालत नाही. घोड्याच्या पाठीवर बसेल तेवढंच सामान, आणि परतायची तारीख ठरलेली. गनिमी काव्याचं आपण कौतुक करतो ते वेगाचं. पण तो वेग घोड्याच्या टापांत जेवढा होता, तेवढाच या कंटाळवाण्या यादीत होता.

बुणगे

यानंतर त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांनी मराठ्यांची एक फार मोठी फौज उत्तरेला निघाली. मार्च १७६० मध्ये परतूरहून (आजच्या जालना जिल्ह्यात) सदाशिवरावभाऊ निघाले, ते १४ जानेवारी १७६१ ला पानिपतच्या मैदानावर पोचेपर्यंतची गोष्ट मी इथे पुन्हा सांगत नाही. मला फक्त सामानाबद्दल बोलायचं आहे.

या फौजेबरोबर न लढणाऱ्यांची प्रचंड संख्या होती. कुटुंबं, नोकरचाकर, बाजारबुणगे, शिवाय फौजेच्या सोबतीने उत्तरेतली तीर्थं करू म्हणून निघालेले यात्रेकरू. लढणाऱ्यांपेक्षा हेच जास्त होते, असंच इतिहासकार सांगतात. 'बुणगे' हा शब्द आपण आज शिवीसारखा वापरतो. पण त्यातल्या एकेकाला उभं करून विचारलं असतं, 'तू का आलास?' तर प्रत्येकाकडे पटण्यासारखं उत्तर होतं. स्वयंपाक्याशिवाय सरदार जेवणार काय? बाजार नाही तर दाणागोटा विकत घ्यायचा कुठून? एकट्यादुकट्याने काशी-मथुरा करणं त्या काळात धोक्याचं, मग फौजेची सोबत सोडायची कशी? एकेक नग बरोबर होता. चुकली ती बेरीज, कारण बेरीज हे कुणा एकाचं काम नव्हतं.

तोफांचं थोडं वेगळं आहे. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना म्हणजे उगीच वाहिलेलं ओझं नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत उदगीरला निजामाला नमवण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि पानिपतावरही रोहिल्यांच्या बाजूचं त्याने भयंकर नुकसान केलं. म्हणजे उपकरण उत्तम. पण अवजड तोफखाना घेतला की फौजेची चाल तोफेच्या बैलांची होते, आणि मागची रसद कायम जोडलेली राहावी लागते. जड सामान आणि कुटुंबं मागे सुरक्षित ठेवा, सडे होऊन लढा, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचं सांगतात. तो मानला गेला नाही.

पुढचं माहीत आहेच. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि फौज व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. मग अडीच महिने उपासमार. रसद गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. शेवटच्या दिवशी फौज निघाली ती गोल बांधून, म्हणजे न लढणाऱ्यांना पोटात घेऊन, भोवती तोफा आणि फौज अशी. लढाई कशी लढायची हे सुद्धा सामानाने ठरवलं!

पानिपतचा पराभव एकट्या बुणग्यांमुळे झाला असं मी म्हणत नाही. दोस्त मिळाले नाहीत, पैसा नव्हता, नद्यांना पूर होता, ऐन लढाईत गोल फुटला, कारणं पुष्कळ. पण ज्याला मागे सोडून जाता येत नाही असं काही बरोबर घेतलं की आपल्या हातातले पर्याय एकेक करून कमी होत जातात, हे त्यातून इतकं लख्ख दिसतं की अंगावर काटा येतो. तिथे त्याची किंमत हजारो माणसांनी जिवानिशी मोजली.

मांड्या खोटं बोलत नाहीत

आता दीडशे वर्षं पुढे, आणि खाडीपलीकडे मुंबईत येऊ. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी ती पूर्ण केली आणि मार्च १९२८ मध्ये ते मुंबईत परतले. साडेचार वर्षं, सुमारे ७१,००० किलोमीटर! इराण, इराकच्या वाळवंटांतून सुद्धा. रस्ता नसेल तिथे सायकल ढकलायची, जमेल तिथे मुक्काम करायचा.

सायकलचा एक फायदा असा, की तिला वजनमर्यादेची प्लेट लागत नाही. पहिल्या चढालाच मांड्या सांगतात काय जास्त झालंय ते. मोटारीचं दुर्दैव हे, की तिच्यात इंजिन ते दुखणं गिळून टाकतं. दोनशे किलो जादा भरले तरी गाडी कळंबोलीहून खोपोलीपर्यंत छान जाते. आपल्याला काही कळतच नाही. कळतं ते थेट घाट उतरताना, ब्रेक तापल्यावर.

४९ दिवसांची डेडलाइन

ज्या गाडीला आपण सगळे मनातल्या मनात गुरू मानतो त्या जीपचा जन्मसुद्धा वजनाच्या भांडणातून झालेला आहे.

जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी टेहळणी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारणा पाठवली आणि अट घातली, की नमुन्याची गाडी ४९ दिवसांत आणून द्यायची. वजन? १,३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो. (बापरे! क्लायंट लोक तेव्हाही असेच होते.) बहुतेक कंपन्यांनी हात जोडले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने मात्र शिंगावर घेतलं. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या बाहेरच्या इंजिनिअरला बोलावलं, त्याने दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबरला मुदत संपायच्या अर्धा तास आधी गाडी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर हजर! फक्त वजन अटीपेक्षा पुष्कळ जास्त होतं.

५९० किलोत असली गाडी होणं शक्यच नव्हतं, हे मग लष्करालाही पटलं आणि मर्यादा वाढत वाढत २,१६० पौंडांवर (साधारण ९८० किलो) गेली. आता स्पर्धेत तीन गाड्या होत्या: बँटम, फोर्ड आणि विलीज-ओव्हरलँड. हो, 'ओव्हरलँड' हा शब्द कंपनीच्या नावातच होता. विलीजचं इंजिन सगळ्यांत दमदार, ६० हॉर्सपॉवरचं. बाकीच्या दोघांची पंचेचाळीसच्या आसपास. पण त्याच इंजिनामुळे गाडी मर्यादेपेक्षा शंभर-सव्वाशे किलो जड.

विलीजचा मुख्य इंजिनिअर होता बार्नी रूस. त्याच्यापुढे दोन रस्ते होते. इंजिन बदलायचं, किंवा बाकी सगळी गाडी हलकी करायची. त्याने इंजिनाला हात लावला नाही. गाडी पूर्ण खोलली आणि एकेक तुकडा तपासला. गरजेपेक्षा लांब बोल्ट आखूड केले, जाड पत्र्याच्या जागी पातळ पण चांगलं पोलाद वापरलं, रंगाचा थर सुद्धा एकच. असं करत करत गाडी थोडक्यात मर्यादेच्या आत बसवली, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात मोठी ऑर्डर विलीजला मिळाली.

मला यातली कारागिरी तर आवडतेच, पण त्याहून जास्त आवडतो क्रम. रूसने आधी ठरवलं की आपल्या गाडीचा प्राण कशात आहे. इंजिनात. ती एक गोष्ट सोडायची नाही. मग त्या एका गोष्टीसाठी बाकी सगळ्यांनी, अगदी रंगानेसुद्धा, जागा करून दिली. आपण करतो ते बरोबर उलट. आपण सगळंच ठेवतो आणि मग त्या सगळ्याचा भार इंजिन, ब्रेक आणि टायर यांच्यावर टाकतो.

माझगाव

या गोष्टीचा पुढचा धागा थेट आपल्या दारात येतो. कैलाशचंद्र महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या पुरवठा शिष्टमंडळाचे प्रमुख होते, आणि अमेरिकेत त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली. १९४५ मध्ये सुरू झालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही मुळात पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीजचे सुटे भाग बोटीने मुंबईत यायचे आणि माझगावला त्यांच्या जीपा जोडल्या जायच्या.

पुढे आली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. बॉनेट उंच का? तर आतलं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. म्हणजे पुन्हा तेच: इंजिनासाठी गाडी बदलली. ही जीप पाटबंधारे खात्यात होती, जंगल खात्यात होती, पोलिसांत होती, निवडणुकीच्या प्रचारात होती. गावोगावच्या मिस्त्रीला तिचा नट आणि नट माहीत असायचा. तिच्यात सोयी म्हणाल तर काही नव्हत्या. पण महाराष्ट्रातल्या कच्च्या रस्त्यांवर तिने जे दिवस काढले, ते टपावर काही न बांधता.

आता शीट उघडू

तर मंडळी, या सगळ्याचं भाषांतर एका साध्या वजाबाकीत होतं. गाडीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन, आणि माणसं-सामानासकट जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक म्हणजे आपलं बजेट. समजा मर्यादा २,२५० किलो आणि रिकामी गाडी १,७५०. उरले ५००. (आकडे उदाहरणादाखल, तुमच्या गाडीचे तुम्ही बघा.)

चार माणसं, प्रत्येकी ७५ प्रमाणे ३००. उरले २००. आता पार्किंगमधली ती नटलेली गाडी आठवा. टपावरचा तंबू ६०, लोखंडी कॅरियर ३५, दुसरी स्टेपनी ३०, लोखंडी बंपर आणि विंच ७०. झाले १९५. उरले पाच किलो! पाणी, पान्हे, कपडे, जेवण, काहीच अजून घेतलेलं नाही. पाच किलोत एक गॅसची शेगडी आणि आईने दिलेला चिवडा बसेल फार तर. यातली प्रत्येक वस्तू 'सुरक्षिततेसाठी' घेतलेली असते, हे विशेष. बुणग्यांची गोष्ट वेगळी काय होती?

इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'जाड स्प्रिंगा टाक, वजन पेलतं.' स्प्रिंगा टाकल्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच, अ‍ॅक्सल तेच, चासी तीच. मर्यादा तसूभरही वाढत नाही. फक्त ती ओलांडल्याचं दिसेनासं होतं. टपावरचं वजन तर दुप्पट वाईट, कारण गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी झुलते. छताची मर्यादा मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते, ती जरूर वाचा.

शिवाय कायदा आहेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार लावणाऱ्यांवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, त्यामागे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ होतं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. समोर चालणाऱ्या माणसाला लोखंडी बंपर काय करतो याचा विचार केला, तर कायद्याची वाट बघायचीही गरज नाही.

मग घ्यायचं काय? आधी रस्ता बघायचा. नवी मुंबई ते मनाली साधारण दोन हजार किलोमीटर, सगळा ढाब्यांचा, पंपांचा आणि पंक्चरवाल्यांचा मुलूख. ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटासाठी बनवलेली यादी इथे कशाला? खरा प्रश्न पुढचा. लाहौलमधल्या तांडीच्या पंपाची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी प्रसिद्ध आहे. पहाडात लिटरला ८ किलोमीटर धरले तरी ४६ लिटर लागतात. पन्नास-पंचावन्न लिटरची टाकी तिथे काठोकाठ भरली तर लेह गाठता येतं. आडवाटेला जायचं असेल तरच एक कॅन. आणि तोही ठरलेल्या आडवाटेसाठी, फोटोसाठी नव्हे.

आता वजाबाकी पुन्हा. माणसं ३००. पान्हे, जॅक, पंक्चर किट, हवेचा पंप, टोचनचा पट्टा मिळून २५. पाणी २०. शेगडी आणि शिधा २५. कपडे माणशी १०, म्हणजे ४०. जमिनीवर लावायचे दोन तंबू आणि झोपायच्या पिशव्या २५. प्रथमोपचार पेटी ३. एकूण ४३८. उरले ६२.

आणि मग शेवटची पायरी, जी शिवकालात सरहद्दीवर व्हायची. झाडा! गाडी पूर्ण भरा, चौघांनी आत बसा, आणि निघायच्या आठवडाभर आधी सरळ वजनकाट्यावर न्या. तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आसपास किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे ट्रकसाठी काटे आहेतच. ट्रकवाले तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील, बघू देत. पावतीवर छापून आलेला आकडा वाद घालत नाही. जास्त भरलं तर तिथेच सामान उतरवायचं, आणि यादीत तळापासून खोडत वर यायचं. परत आल्यावर दुसरा झाडा: काय एकदाही बाहेर निघालं नाही ते लिहून ठेवायचं. पान्हे आणि प्रथमोपचार पेटी न वापरता परत आली तर देवाचे आभार मानायचे. बाकी जे वापरलं नाही ते पुढच्या वेळी घरी.

राहता राहिले ते ६२ किलो. ते बघून आमच्यातल्या एकाचे डोळे लगेच चमकले: "अरे, अजून एक बॅटरी आणि छोटा फ्रिज बसतोय की!" बसतोय खरा. पण मी शीटमध्ये ती ओळ रिकामी ठेवायचा आग्रह धरून आहे. पाच सीटच्या गाडीत आम्ही चौघे, आणि ६२ किलो म्हणजे एक माणूस. त्या उंचीवर बंद पडलेल्या गाडीतलं कुणी, श्वास लागलेला एखादा बाईकवाला, रस्त्याकडेला दवाखान्यासाठी हात करणारी एखादी म्हातारी... यांच्यापैकी कुणाला 'जागा नाही हो' म्हणायची वेळ येऊ नये. मागे फ्रिज आहे म्हणून तर नाहीच नाही.

तूर्तास मत तीन विरुद्ध एक आहे. पण वजनकाट्यावर जायचं मात्र सगळ्यांना मान्य आहे. असो, तिथून पुढचं पावतीच बोलेल.